पंख्याची घरघर

संगणकाचा इतिहास म्हणून जे काही वाचायला मिळते, तो बहुतेक वेळा वेगाचा इतिहास असतो. अमुक साली इतके मेगाहर्ट्झ, तमुक साली तितकी मेमरी, आणि शेवटी आपल्या खिशातला फोन चंद्रावर गेलेल्या यानापेक्षा कसा ताकदवान आहे, हे ठरलेले वाक्य. या सगळ्या वर्षांत ते यंत्र आवाज किती करत होते आणि टिकत किती होते, याची नोंद क्वचितच कोणी घेतो. वास्तविक घरात यंत्र आणणाऱ्या माणसाची रोजची गाठ याच दोन गोष्टींशी असते.

मी काही तंत्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर, आवडीचा विषय इतिहास, आणि पोटापाण्यासाठी सरकारी खात्यात कारकुनी. पण २०२५च्या चतुर्थीच्या सुमारास माझ्या भाच्याने स्वतःच्या हाताने पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडायचे मनावर घेतले, आणि सुट्या भागांची यादी तपासायला माझ्याकडे आली. यादी, कोटेशन, तुलनात्मक तक्ता या गोष्टी आमच्या घरात माझ्या खात्यातल्या समजल्या जातात! पैसे त्याने दोन सुट्ट्यांत एका दुकानात काम करून साठवलेले, वर बहिणीच्या भिशीची भर. म्हणजे एकदाच होणारी खरेदी. दहा वर्षे चालली पाहिजे, ही पहिली अट.

दुसरी अट घराने घातली. बहिणीचे घर डिचोली तालुक्यात, जुने, मंगळुरी कौलांचे. अशा घरांतल्या मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. एका खोलीत शिंकले की तिसऱ्या खोलीतून ‘शंभर वर्षे जग’ असा आशीर्वाद येतो. माझे मेहुणे कारखान्यात पाळीने काम करतात. रात्रपाळी असली की सकाळी नऊला त्यांची रात्र सुरू होते. भाच्याची खोली लागूनच.

“मी हेडफोन लावीन ना, मामा,” भाचा म्हणाला.

“तू लावशील रे. बाबांनी काय लावायचे?”

यादीत त्याने सर्वांत आधी सर्वांत मोठे ग्राफिक्स कार्ड लिहिले होते, आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत, कॅबिनेट आणि एसएमपीएस. बहुतेक मुलांच्या याद्या अशाच असतात. ही यादी उलटी का वाचायला हवी, हे त्याला समजावताना मला पन्नास वर्षे मागे जावे लागले. तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

घरी जोडायच्या संगणकाची गोष्ट साधारणपणे १९७५ पासून सांगतात. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हे यंत्र झळकले. अल्बुकर्की शहरातल्या एमआयटीएस या छोट्या कंपनीचे ते यंत्र सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळे. घरी डाग देऊन भाग जोडायचे, आणि समोरच्या कळा वरखाली करून त्याच्याशी बोलायचे. ना पडदा, ना कीबोर्ड. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. त्या मंडळींत स्टीव्ह वोझ्नियाक होता. पुढे १९७७ मध्ये त्याचा ऍपल २ आला.

शांततेचा इतिहास खरा इथून सुरू होतो. ऍपल २ मध्ये पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे. पण पंखा नको म्हटल्याने उष्णता नाहीशी होत नाही. ती निर्माणच कमी व्हावी म्हणून रॉड होल्ट या अभियंत्याने यंत्रासाठी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा तयार केला. त्या काळच्या बहुतेक छोट्या यंत्रांत जड ट्रान्सफॉर्मर असे, आणि जादा वीज उष्णता होऊन वाया जाई. स्विचिंग पद्धतीत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडतात. वाया कमी जाते, म्हणून तापतेही कमी. ऍपल २ शांत राहिला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या १९९३ पर्यंत विकल्या गेल्या.

तीनच वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच कंपनीने ऍपल ३ आणला. पंखा नको हा आग्रह कायम, शिवाय हवा जायला फटीही नकोत. ऍल्युमिनियमचा सांगाडाच उष्णता बाहेर टाकील असा हिशेब. आत मात्र भाग दाटीवाटीने बसवलेले. यंत्रे तापत, सॉकेटमधल्या चिपा सैल होत आणि यंत्र बंद पडे. यंत्र टेबलावरून काही इंच उचलून खाली आपटा, म्हणजे चिपा परत जागी बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. सुरुवातीची यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली, आणि १९८४ मध्ये ऍपल ३ बंद झाला.

हा भाग मी भाच्याला दोनदा सांगितला. पंखा काढून टाकणे म्हणजे शांतता नव्हे. उष्णता मुळात कमी निर्माण झाली आणि निर्माण झालेली सहज बाहेर गेली, तरच यंत्र शांत राहते आणि टिकतेही. म्हणजे आपल्या दोन अटी वरवर वेगळ्या दिसल्या तरी मुळात एकच आहे. पुढचा सगळा इतिहास हा त्याचाच दाखला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला. त्याच्या वीजपुरवठ्याची क्षमता होती ६३.५ वॅट, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. पंखा एकच, वीजपुरवठ्याच्या पेटीत. ८०८८ या प्रोसेसरवर तर उष्णता पसरवणारी साधी धातूची पट्टीही नव्हती. पण या यंत्राची आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. वेळ वाचवण्यासाठी आयबीएमने बहुतेक भाग बाजारातून घेतले होते, आणि यंत्राची विद्युत-रचना तांत्रिक पुस्तकात छापून टाकली होती. आत पाच मोकळे स्लॉट होते, त्यांत कोणीही स्वतःचे कार्ड बनवून बसवावे. फक्त बायोस नावाचा मूळ प्रोग्राम आयबीएमच्या हक्कात होता. कॉम्पॅक कंपनीने तो न बघितलेल्या माणसांकडून, तो काय काम करतो एवढ्याच वर्णनावरून, नव्याने लिहून घेतला आणि १९८२च्या नोव्हेंबरमध्ये आपला पीसी जाहीर केला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असाच बायोस कोणालाही विकू लागली. मग काय, धरणाचे दार उघडले. मदरबोर्ड एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचे, डिस्क तिसऱ्याची, असे यंत्र कोणीही जोडू लागला.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले. मदरबोर्ड केवढा, स्क्रूची भोके कुठे, वीजपुरवठ्याची पेटी केवढी, मागची खिडकी किती, सगळे कागदावर. तीस वर्षांनंतरही मापे मुळात तीच आहेत. एका कारकुनाला या गोष्टीचे कौतुक वाटणे साहजिक आहे. चांगला नमुना एकदा ठरला की साहेब बदलतात, नमुना चालूच राहतो. पण दीर्घायुष्याच्या दृष्टीनेही ही फार मोठी गोष्ट आहे. आज घेतलेले चांगले कॅबिनेट आणि चांगला वीजपुरवठा पुढच्या मदरबोर्डालाही चालू शकतो, तो या मापामुळे.

आपल्याकडे या यंत्राला ‘असेंबल्ड’ म्हणायची पद्धत पडली. नव्वदीच्या दशकात ब्रँडेड संगणक घेणे सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू होण्याआधी रात्रीच्या बसने जाऊन, मदरबोर्ड मांडीवर घेऊन परतणारे हौशी लोक पणजी-मडगावात होते. पुढे २००२च्या सुमारास राज्य सरकारच्या ‘सायबरएज’ योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळू लागले आणि गोव्यातल्या अनेक घरांत पहिला संगणक आला. त्या काळात ज्यांच्या घरी संगणक होता त्यांना त्याचा आवाज आठवत असेल. बटण दाबताच गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर, त्यात डिस्कची खरखर, आणि वर्ष-दोन वर्षांनी पंखा झिजला की एक बारीक किंकाळी. पोरांना तो आवाज म्हणजे खेळाची घंटा वाटे. शेजारच्या खोलीतल्या आजीला मात्र तो डोक्याला ताप.

ही घरघर कुठून आली? ऐंशीच्या दशकात प्रोसेसरला पंखा लागत नव्हता. ४८६च्या वेगवान आवृत्त्यांवर हीट सिंक आणि चिमुकला पंखा दिसू लागला, आणि १९९३च्या पेंटियमनंतर तो नियमच झाला. खेळांचेही तसेच. १९९६ मध्ये आलेले थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड खेळांत क्रांती करून गेले, पण त्याच्यावर पंखा नव्हता. १९९९च्या जीफोर्स २५६वर पंखा आला. आणि २००३च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका किंचाळे की लोकांनी त्याला केस वाळवायच्या यंत्राची उपमा दिली. एनव्हिडियाच्या लोकांनी स्वतःच त्याची थट्टा करणारी चित्रफीत काढली होती! ते कार्ड काही महिन्यांतच मागे पडले.

प्रोसेसरमध्ये हेच घडत होते. ट्रान्झिस्टर लहान होत गेला तरी ठरावीक जागेत लागणारी वीज वाढत नाही, असे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडले होते. तीस वर्षे हा नियम चालला. मग ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, बंद नळातून पाणी ठिबकावे तशी. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेला पेंटियम ४चा ‘प्रेस्कॉट’ अवतार शंभर वॅटच्या घरात पोहोचला. त्याच्या पुढचा ‘तेजस’ नावाचा प्रोसेसर इंटेलने त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केला. नाव आपले, पण तेज कोणालाच सोसवले नसते.

याच काळात टिकाऊपणाचेही वाभाडे निघाले. साधारण १९९९ ते २००७ या वर्षांत बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगून फुटू लागले. ऍल्युमिनियमच्या त्या नळकांड्यांमधला द्रव सदोष रसायनाचा होता. त्या वर्षांत कुठल्याही कार्यालयात गेलात तर कोपऱ्यात अशा मेलेल्या पेट्यांची चळत दिसे. रसायन सदोष होते हे खरे, पण उष्णतेने त्यांचे मरण आणखी जवळ आणले. अशा कपॅसिटरबाबत अभियंते एक ठोकताळा वापरतात: तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. पुढे चांगल्या बोर्डांवर घन पदार्थाचे कपॅसिटर आले आणि ही साथ ओसरली. ठोकताळा मात्र आजही तसाच लागू आहे, कारण वीजपुरवठ्याच्या पेटीत द्रवाचे कपॅसिटर अजून असतातच.

त्यानंतरची काही वर्षे मला या इतिहासातली सर्वांत रंजक वाटतात, कारण निरनिराळ्या ठिकाणच्या माणसांनी आवाजाचा एकेक उगम शोधून बंद केला.

पहिला उगम डिस्कचा. २००१ मध्ये सीगेटची बॅराकुडा ४ आली. तिच्या मोटरीत गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी तेलाच्या पातळ थरावर फिरणारे बेअरिंग होते, आणि कर्कश शीळ गेली. २००८ पासून परवडू लागलेल्या एसएसडीने तर फिरणारी तबकडीच काढून टाकली.

दुसरा वीजपुरवठ्याचा. अमेरिकेत २००४ मध्ये ‘८० प्लस’ ही खूण सुरू झाली. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के पुढे पोहोचवली तरच खूण मिळणार. २००८ मध्ये तिच्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. लोक याकडे वीजबिलाच्या नजरेने बघतात. आपण उष्णतेच्या नजरेने बघू. यंत्राला ३०० वॅट लागत असतील, तर ८० टक्क्यांच्या पेटीत ७५ वॅट उष्णता होऊन वाया जातात. ९० टक्क्यांच्या पेटीत फक्त ३३. अर्ध्याहून कमी! तेवढी उष्णता काढायला पंखा तितका फिरावा लागत नाही, आणि कपॅसिटरही जगतात.

तिसरा प्रोसेसरचा. हीट पाइप म्हणजे तांब्याची बंद नळी. आत थोडासा द्रव. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती परत द्रव होते, आणि पंपाशिवाय उष्णता इकडून तिकडे जाते. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी सिद्ध केली, अवकाशयानांसारख्या कामांसाठी. तीच पुढे घरगुती कूलरमध्ये आली. आणि २००६ मध्ये इंटेलने प्रेस्कॉटचा मार्ग सोडून कोअर २ ड्युओ आणला, ६५ वॅटचा आणि जुन्यापेक्षा वेगवानही. लॅपटॉपसाठी जपून वीज खर्चणाऱ्या प्रोसेसरच्या वंशातला तो.

चौथा उगम स्वतः पंखा. इथे थोडे गणित आहे, पण ते सगळ्या यादीचे मर्म आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवाही निम्मी वाहते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे हवेचे नुकसान थोडे आणि कानाचा फायदा मोठा. हवेची भरपाई पंखा मोठा करून करता येते. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरच्या पंख्याचा घेर क्षेत्रफळाने सव्वादोन पट, १४०चा तिप्पट. मोठा पंखा, कमी फेऱ्या. आमच्या देवळांत मोठा पंखा हळू ओढला की अख्ख्या चौकाला वारा लागायचा, तेच शास्त्र! २००४ मध्ये मदरबोर्डावर चार तारांचा पंख्याचा जोड आला आणि तापमान बघून पंखा कमी-जास्त करणे मदरबोर्डाला नेमकेपणाने जमू लागले. २००५ मध्ये ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआने शांत पंख्यांचाच धंदा मांडला, आणि अँटेकने पी१८० हे दोन कप्प्यांचे कॅबिनेट काढले, ज्यात वीजपुरवठा खाली वेगळ्या कप्प्यात होता. आज जवळपास सगळी कॅबिनेटे तो खालीच ठेवतात.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण ग्राफिक्स कार्डांनी मधल्या काळात उलटा प्रवास केला. २०१४चे जीफोर्स जीटीएक्स ९७० सुमारे १५० वॅटचे होते. २०२२चे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे, आणि जानेवारी २०२५ मधले ५०९० तर ५७५ वॅटचे. एका कार्डात आयबीएमचे नऊ पीसी! ४०९०च्या नव्या पद्धतीच्या वीजजोडाची टोके काही ग्राहकांकडे वितळली, आणि २०२३ मध्ये त्या जोडाची रचना सुधारावी लागली. प्रेस्कॉटच्या वेळचा धडा शिकवण्याची पाळी पुन्हा आली म्हणायची.

आता भाच्याची यादी. आम्ही ती खालून वर वाचली.

सर्वांत आधी वीजपुरवठा. गोल्ड खुणेचा, ६५० वॅटचा, दहा वर्षांच्या हमीचा. एवढा कशाला? प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॅट घेतो, निवडलेले कार्ड १६०, बाकीचे पन्नास. तीनशेच्या आत. म्हणजे पेटी निम्म्या भाराखाली चालते. तिथेच ती सर्वांत कार्यक्षम असते, आणि कमी भाराला तिचा पंखा फिरतच नाही. बैलाला कुवतीच्या निम्मेच ओझे घातले की तो धापाही टाकत नाही आणि म्हातारपणापर्यंत गाडीला लागतो.

मग कॅबिनेट. भाच्याला समोरून काचेचे आणि रंगीत दिव्यांचे हवे होते. काचेआडून हवा कशी येणार? ऍपल ३ची आठवण दिली. समोर पूर्ण जाळी, जाळीमागे काढून धुता येणारे फिल्टर, आणि १४० मिलिमीटरचे पंखे, असे घेतले. आवाज अडवायला फोम लावलेली बंद कॅबिनेटेही मिळतात. थंड देशात ती ठीक. आपल्याकडे आवाज कोंडण्याऐवजी होऊच न देणे बरे. परदेशी परीक्षणांतले आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात, आणि आमच्या मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत बत्तीस-तेहेतीस असतात. तिकडचा प्रत्येक आकडा दहाने वाढवून वाचायचा.

प्रोसेसर ६५ वॅटचा, एएमडीच्या एएम५ सॉकेटचा. यामागेही इतिहास आहे. २०१६ मध्ये आलेल्या एएम४ सॉकेटसाठी २०२२ मध्येही नवा, खेळांसाठी उत्तम असा ५८००एक्स३डी प्रोसेसर निघाला, आणि जुने अनेक बोर्ड फक्त बायोस बदलून तो घेऊ शकले. सहा वर्षांनी यंत्राला नवे हृदय बसावे आणि बाकी देह तोच राहावा, हे फार थोड्या वेळा घडले आहे. एएम५ २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व पुढेही तो चालवू, असे कंपनीने जाहीर केले. शब्द पाळला जाईल तेव्हा खरा, पण मागचा अनुभव चांगला आहे. कूलर मात्र सोबत फुकट मिळणारा नको. हीट पाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा, उभा. पाण्याने थंड करणारा नको म्हटले, कारण त्यातला पंप झिजतो आणि आतला द्रव वर्षानुवर्षे थोडाथोडा आटतो. धातूच्या पत्र्यांत झिजण्यासारखे काही नसते.

ग्राफिक्स कार्ड १६० वॅटचे, पण १६ जीबी मेमरीचे. वेग थोडा कमी असला तर खेळातले तपशील कमी करून चालवता येते. मेमरी अपुरी पडली तर खेळ अडखळतोच. वीजजोड जुना आठ टोकांचा. पडद्यावर नुसता मजकूर असेल तेव्हा त्याचे पंखे थांबलेले असतात. रॅम ३२ जीबी. ती सप्टेंबरमध्येच घेतली ते बरे, कारण २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भराभर चढले. डिस्क म्हणून एसएसडी. फिरणारे काही नाही.

राहिल्या गोव्याच्या गोष्टी. जुन्या घरांत तीन टोकांचे सॉकेट असते, पण तिसरी तार कुठेच गेलेली नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात त्या याचमुळे. आधी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले. पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते-येते, आणि येताना दाब वरखाली होतो. म्हणून यूपीएस, तोही शुद्ध साइन लहरीचा, कारण आजच्या वीजपुरवठ्यांशी स्वस्त यूपीएसच्या पायरीपायरीच्या लहरीचे नेहमी जमतेच असे नाही. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवायचे नाही. शेणाने सारवलेली जमीन आता राहिली नसली तरी धूळ जमिनीवरूनच येते, आणि मुंग्यांची वाटही तिथूनच.

भाचा एका गोष्टीवर खट्टू होता. एवढ्या पैशांत याहून वेगवान यंत्र आले असते, असे त्याचे मित्र सांगत होते. खरेच आले असते. एसएमपीएस आणि कॅबिनेट स्वस्तातले घेतले असते तर कार्ड एक पायरी वरचे बसले असते. मी त्याला तक्ता करून दिला: एका बाजूला पहिल्या वर्षी किती मिळते, दुसऱ्या बाजूला सातव्या वर्षी काय शिल्लक राहते. कार्ड कुठलेही घेतले तरी सात वर्षांनी ते जुनेच. कॅबिनेट, वीजपुरवठा, कूलर आणि पंखे मात्र तेव्हाही नव्या कार्डाची वाट बघत उभे असतील. तक्ता त्याने बराच वेळ बघितला. मग रंगीत दिव्यांची एक पट्टी तेवढी मागून घेतली. दिली. दिवे आवाज करत नाहीत.

टिकण्याला शेवटी आणखी एक बाजू आहे, ती यंत्राच्या बाहेरची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे त्या दिवसापासून अडचणीत आली. कपॅसिटर फुगले नव्हते, पंखे अडले नव्हते. फक्त नियम बदलला. अशा वेळी लिनक्सचा पर्याय आहे, आणि २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन काढल्यापासून विंडोजसाठी बनलेले पुष्कळसे खेळ त्यावर चालतात. भाच्याला तेही शिकून ठेव म्हटले आहे.

यंत्र एका रविवारी जोडले. चालू झाले तेव्हा चालू झाले की नाही, हे वाकून बघावे लागले. खेळ जोरात असताना एक हलकी सळसळ येते, माडाच्या झावळ्यांसारखी, आणि ती मधल्या भिंतीवरून पलीकडे जात नाही. रात्रपाळीनंतर झोपलेल्या मेहुण्यांनी दुपारी उठून विचारले, “जोडून झाला का रे?” तेव्हा भाचा तासभर खेळत होता.

पुढची जबाबदारी लहान आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, फिल्टर धुवायचे आणि मऊ ब्रशने पत्र्यांतली धूळ काढायची. पावसाळ्यात यंत्र आठवडाच्या आठवडा बंद ठेवायचे नाही. रोज थोडे चालले की आत ओल धरत नाही. यातला पहिला झिजणारा भाग म्हणजे पंखा. पाच-सात वर्षांनी त्यातला एखादा कुरकुरेल. पण १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या भोकांमधले अंतर १०५ मिलिमीटर हे कुठल्याही कंपनीचा घेतला तरी सारखेच असते. चार स्क्रू काढायचे, नवा बसवायचा. ते काम कोणाकडे घेऊन जायला लागत नाही.